गोव्यात दोन मुक्काम: आधी पाटणे, मग मांद्रे. मधल्या दिवशी सामान आणि सासू-सासरे कसे सांभाळायचे?

गुलबक्षी

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सहा जण गोव्याला चाललोय. मी, नवरा, दोन मुलं (वय ६ आणि ११) आणि सासू-सासरे. जाताना ठाण्याहून वंदे भारतने मडगाव, येताना मोपाहून विमान. दोन्ही तिकिटं झाली आहेत. मध्ये सहा रात्री आहेत.

घरात दोन मागण्या आहेत आणि मला दोन्ही मनापासून पुऱ्या करायच्या आहेत. सासऱ्यांना खोलीतून उठलं की चार पावलांवर समुद्र हवा. गुडघ्यांमुळे रोज गाडीत बसून किनाऱ्यावर जाणं त्यांना नको वाटतं, आणि संध्याकाळी मोठ्याने गाणी नकोत. मुलांना मोठा पोहण्याचा तलाव, खेळायला जागा आणि बरोबरीची मुलं हवीत. हे सगळं एकाच ठिकाणी देणारी रिसॉर्टं पाहिली, पण सहा रात्री दोन खोल्या घेणं आमच्या आवाक्यात नाही. म्हणून पहिल्या तीन रात्री पाळोळ्याच्या पलीकडे पाटणेला किनाऱ्यालगतच्या एका छोट्या ठिकाणी, आणि पुढच्या तीन मांद्र्याला मोठ्या रिसॉर्टमध्ये, असं ठरवतोय.

माझ्या शंका:
हा क्रम बरोबर आहे ना?
पाटणेची खोली ११ ला सोडायची, मांद्र्याची २ नंतर मिळणार. तेवढ्या वेळात सहा माणसं आणि सामान कुठे ठेवायचं?
सामान हॉटेलवर सोपवता की स्वतःबरोबर फिरवता?
सासऱ्यांचं इन्शुलिन आहे, तेही मनात आहे.

ज्यांनी दोन ठिकाणी राहून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सासष्टीकर

क्रम अगदी बरोबर. मडगावला उतरताय म्हणजे दक्षिण आधी, मोपाहून उडताय म्हणजे उत्तर शेवटी. उलट केलंत तर पहिल्याच दिवशी गाडीतून उतरून आख्खा गोवा ओलांडायचा आणि शेवटच्या दिवशी विमान गाठायला पुन्हा तोच रस्ता.

अंतरं सांगतो. मडगाव ते पाटणे चाळीसेक किलोमीटर, त्यात करमल घाट येतो. घाट छोटा आहे पण वळणाचा. मुलांना गाडी लागत असेल तर गाडीत बसण्याआधी पोटभर जेवू घालू नका. पाटणे ते मांद्रे शंभर किलोमीटरच्या आसपास. न थांबता गेलात तरी अडीच-तीन तास धरा, कारण मडगाव, पणजी आणि पर्वरीच्या टप्प्यांत वाहनं तुंबतात. मांद्रे ते मोपा विमानतळ मात्र वीसेक किलोमीटर. शेवटची सकाळ निवांत मिळेल.

पूर्वी झुआरीच्या जुन्या पुलावर किती वेळ जाईल याचा भरवसा नव्हता. नवीन पुलाचा पहिला भाग २०२२ च्या डिसेंबर अखेरीला सुरू झाला, पुढच्या वर्षी दुसरा. तेव्हापासून कुठ्ठाळी-आगशी हा टप्पा पुष्कळ सुटसुटीत झालाय.

एकच_खोली

माझं मत वेगळं आहे. पटलं नाही तरी विचार करा.

सहा रात्री म्हणजे पाच पूर्ण दिवस. जागा बदललीत की त्यातला एक जातो आणि उरतात चार. प्रत्येक ठिकाणी तीन रात्री म्हणजे दोनच पूर्ण दिवस. वयस्कर माणसांना नवीन खोलीची सवय व्हायलाच एक रात्र लागते: रात्री उठल्यावर दिव्याचं बटण कुठे, बाथरूमची पायरी कुठे, चहा कुणाला सांगायचा. ते अंगवळणी पडतं तोच तुम्ही त्यांना दुसरीकडे नेणार. माझ्या आईला घेऊन फिरताना मी हे जवळून पाहिलंय. तिला ठिकाणं कमी दाखवली तरी चालायचं, उशी तीच हवी असायची.

दक्षिणेतच बाणावली-कोलवा पट्ट्यात मध्यम दरात तलाव असलेली बरीच हॉटेलं आहेत. किनारा सपाट, रुंद, चालायला उत्तम. सगळ्या रात्री तिथे राहा, आणि मुलांसाठी एक दिवस गाडी करून उत्तरेला जाऊन या.

गुलबक्षी

@एकच_खोली, तुमचा मुद्दा खरा आहे आणि मी तो सासूबाईंनाही वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "मला बदल आवडतो, यांनाच विचार." सासऱ्यांचं म्हणणं असं की पहिले तीन दिवस मनासारखा समुद्र मिळाला तर नंतर नातवंडांसाठी तलावाकाठी बसायला त्यांची हरकत नाही. दोघंही तयार आहेत, म्हणून दोन ठिकाणं कायम ठेवते. पण तो मधला दिवस त्यांना त्रासाचा होऊ नये, एवढीच माझी धडपड आहे.

पाहुणचार

मी बरीच वर्षं हॉटेलच्या फ्रंट ऑफिसमध्ये काम केलंय, त्यामुळे काउंटरच्या आतली बाजू सांगतो.

खोली ११ ला सोडायची आणि २ ला मिळायची, यात हॉटेल तुमचे तीन तास खातंय असं पाहुण्यांना वाटतं. आत काय चालतं ते बघा. गेलेल्या पाहुण्याची खोली उघडायची, चादरी-टॉवेल काढायचे, बाथरूम घासायचं, मिनीबार मोजायचा, गळकं-तुटकं काही असेल तर मेंटेनन्सला बोलवायचं, मग सुपरवायझर तपासणार, आणि त्यानंतर ती खोली आमच्या स्क्रीनवर तयार म्हणून दिसणार. एका माणसाकडे अशा बऱ्याच खोल्या असतात. ज्याने आधी कळवलंय त्याची खोली आधी हातात घेतली जाते. म्हणून फोन महत्त्वाचा. बुकिंग करताना केलेली विनंती बहुतेक वेळा नोंदीत पडून राहते. आदल्या संध्याकाळी थेट रिसेप्शनला फोन करा आणि हे नेमकं सांगा: "उद्या दीडच्या सुमारास पोचतोय, बरोबर गुडघ्याचा त्रास असलेले ज्येष्ठ आहेत, तळमजल्यावरची किंवा लिफ्टजवळची एक खोली आधी तयार करून मिळेल का?" दोन्ही मागू नका, एक मागा. एक खोली लवकर देणं आम्हाला जमतं. आजी-आजोबा त्यात आडवे होतील, मुलं तलावात जातील, दुसरी खोली येईल तेव्हा येईल.

कुठल्या वारी जागा बदलता यानेही फरक पडतो. रविवारी शनिवार-रविवारचे पाहुणे एकदम निघतात, सगळ्या खोल्या एकाच वेळी साफ करायच्या असतात. सोमवार ते गुरुवार यातला दिवस मिळाला तर लवकर खोली मिळायची शक्यता जास्त.

सामानाचं म्हणाल तर दोन्हीकडे लगेज रूम असते आणि ती मोफत असते. पहिल्या ठिकाणी खोली सोडल्यावर बॅगा ठेवता येतात, दुसऱ्या ठिकाणी खोली मिळण्याआधी. प्रत्येक बॅगेला टॅग लावून अर्धा तुकडा तुमच्या हातात देतात, तो मागून घ्या. बॅगा एका रांगेत ठेवून मोबाइलवर एक फोटो काढा. पुढे "पाच होत्या की सहा" हा प्रश्न उरत नाही. लॅपटॉप, दागिने, रोख, पासपोर्ट, औषधं लगेज रूममध्ये ठेवू नयेत. तिथे दिवसभर माणसांची ये-जा असते आणि त्या वस्तूंची जबाबदारी हॉटेल घेत नाही.

एका हॉटेलने दुसऱ्याकडे सामान पोचवणं ही सोय एकाच मालकीच्या दोन रिसॉर्टांमध्ये कधीकधी मिळते. तुमचं तसं नाही. वेगवेगळ्या हॉटेलांत ते गाडी करून देतील, पण ती नेहमीची टॅक्सीच असेल आणि बॅगांबरोबर त्यांचा माणूस असेलच असं नाही. त्यापेक्षा सामान तुमच्या डोळ्यांसमोर राहू द्या.

पैशांचं: मोठं रिसॉर्ट चेक-इनच्या वेळी कार्डवर काही रक्कम अडवून ठेवतं. निघताना ती मोकळी करतात, पण बँकेकडून परत दिसायला काही दिवस जातात. डेबिट कार्ड दिलंत तर ती खात्यातूनच अडकते. दोन हॉटेलं म्हणजे दोनदा असं होऊ शकतं, तेवढी तजवीज ठेवा. आणि दर बघताना करासकट बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका खोलीचं एका रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. ७,४०० आणि ७,८०० यांत दिसायला चारशेंचा फरक, हातात येणाऱ्या बिलात जवळजवळ दीड हजाराचा.

सगळ्या मोठ्या माणसांची ओळखपत्रं दोन्हीकडे लागतील. ती बॅगेच्या तळाशी नकोत.

नदीकाठ

सामान बांधण्याबद्दल मी लिहिते, कारण माझ्या मते अर्धं काम घरीच होतं.

आपण बॅगा माणसांप्रमाणे भरतो: एक बाबांची, एक मुलांची, एक आजी-आजोबांची. एका ठिकाणी राहायचं असेल तेव्हा ते ठीक. दोन ठिकाणी राहायचं असेल तेव्हा बॅगा मुक्कामाप्रमाणे भराव्यात. पाटणेच्या बॅगेत सगळ्यांचे तीन दिवसांचे कपडे, मांद्र्याच्या बॅगेत सगळ्यांचे पुढचे तीन दिवसांचे. आजी-आजोबांची बॅग तेवढी वेगळी, त्यांना आपल्या वस्तू आपल्या हाताशी लागतात.

मांद्र्याची बॅग पाटणेला उघडायचीच नाही. कपाटात किंवा पलंगाखाली सरकवून द्यायची. निघायच्या दिवशी पाटणेच्या बॅगेत मळके कपडे भरले की ती बंद, आणि मांद्र्याला पोचल्यावर दुसरी उघडायची. कुठल्याही क्षणी घरातली एकच मोठी बॅग उघडी असते, त्यामुळे निघताना खोलीभर पसारा गोळा करायची वेळ येत नाही.

तिसरी एक हातातली पिशवी, मधल्या दिवसाची. तिच्यात: ओळखपत्रं, औषधं, चार्जर, मुलांचा प्रत्येकी एक कपड्यांचा जोड, पोहण्याचे कपडे, एक पातळ टॉवेल, दोन ओढण्या किंवा पंचे, पाणी, चिवडा-लाडू. पोहण्याचे कपडे यात का, तर मांद्र्याला खोली मिळायच्या आधीच मुलं तलावात उतरू शकतात. बहुतेक रिसॉर्टं पाहुणा आला की तलाव वापरू देतात आणि तलावापाशी कपडे बदलायला जागा असते.

समुद्राचे ओले कपडे ही खरी डोकेदुखी. पाटणेच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी समुद्रात जायचं असेल तर जा, पण निघायच्या सकाळी नको. आदल्या रात्री गोड्या पाण्यात पिळून पंख्याखाली टाकलेले कपडे सकाळपर्यंत निदान दमट होतात. तेवढे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा आणि मांद्र्याला पोचताच बाहेर काढा. वाळूची खेळणी सगळ्यात वर, वेगळ्या पिशवीत. वाळू एकदा बॅगेच्या शिवणीत गेली की घरी आल्यावरही निघत राहते.

आणि खोली सोडण्याआधी एका मोठ्या माणसाने, मुलं बाहेर गेल्यावर, एकट्याने फेरी मारायची: बाथरूमच्या दाराची मागची बाजू, उशीखाली, फ्रिज, लॉकर, टीव्हीच्या मागचं प्लग पॉइंट, गॅलरीतली दोरी.

औषधपेटी

इन्शुलिनबद्दल. वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालतं, पण खोलीचं तापमान म्हणजे उन्हात उभ्या गाडीतलं नव्हे. बंद गाडी डिसेंबरातही चांगलीच तापते. न उघडलेली पेनं फ्रिजमध्ये हवीत. मधल्या दिवसासाठी इन्शुलिनची छोटी थंड पिशवी औषधांच्या दुकानात मिळते. बर्फाचा पॅक आणि पेन यांच्यामध्ये नॅपकिनची घडी ठेवा, इन्शुलिन गोठलं तर टाकून द्यावं लागतं. ही पिशवी डिकीत ठेवू नका. सासऱ्यांच्या पायाशी किंवा तुमच्या मांडीवर राहू द्या.

खोलीतल्या मिनीबारमध्ये मागच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, तिथे कधीकधी बर्फ धरतो. दाराच्या कप्प्यात ठेवा. पाटणेसारख्या ठिकाणी झोपडीवजा खोल्यांत फ्रिज नसतो बऱ्याचदा, तेव्हा स्वयंपाकघराच्या फ्रिजमध्ये नाव लिहून ठेवायला सांगा आणि निघताना आठवणीने घ्या.

जेवणाची वेळ त्या दिवशी गाडीच्या वेळेवर सोडू नका. एकच्या आत ते जेवलेले असावेत, मग तुम्ही कुठेही असा.

सासष्टीकर

आता मधला दिवस. मांद्र्याला दोनला खोली मिळणार म्हणून घाईघाईने तिथे जाऊन लॉबीत बसू नका. गोव्याचा मधला भाग तसाही तुमच्याकडून राहून जाणार होता, तो याच दिवशी बघा.

साडेनऊला पाटणे सोडा. मडगावच्या पुढे हमरस्त्याने सरळ न जाता बोरीच्या पुलावरून फोंड्याकडे वळा. तिथून मार्दोळ आणि मंगेशी ही दोन्ही देवळं रस्त्यालगत आहेत, सासऱ्यांना फार चालावं लागणार नाही. मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. मंगेशी मूळचा कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. पोर्तुगीज राजवटीत देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा १५६० मध्ये भक्तांनी देव झुआरीपलीकडे प्रियोळला हलवला. तो भाग तेव्हा पोर्तुगीजांच्या हातात नव्हता. म्हाळसा वेर्ण्याहून मार्दोळला आली, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला. लोकांनी रातोरात नदी ओलांडून काय जपून आणलं, हे त्या मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभासमोर उभं राहून सांगितलं की मुलांच्या लक्षात राहतं. मला स्वतःला फोंडा तालुक्याची ही देवळं गोव्याच्या कुठल्याही किनाऱ्यापेक्षा प्रिय आहेत, आणि पर्यटक त्यांच्यासाठी वेगळा दिवस काढत नाहीत याचं वाईट वाटतं. तुमची जागा बदलण्याच्या निमित्ताने ती वाटेतच येतायत.

खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे लागतात, म्हणून नदीकाठ यांनी सांगितलेल्या ओढण्या-पंचे कामाला येतील.

बारा-साडेबाराला फोंड्याच्या परिसरातच जेवा. शाकाहारी जेवण देणारी खानावळ तिथे सहज मिळते. फोंड्याकडे मसाल्याच्या बागाही आहेत, तिथे बागेची फेरी आणि जेवण एकत्र मिळतं, पण त्यात दोन तास जातात आणि चढ-उतार असतो. गुडघ्यांसाठी मी ती सुचवणार नाही.

त्यानंतर जुने गोवे. बॉम जीझस बासिलिका आणि से कॅथेड्रल समोरासमोर आहेत, मध्ये सपाट बाग. पण तारीख सांगा आधी! ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त असतं. त्या दिवशी गोव्यात सुट्टी असते आणि जुन्या गोव्यात पहाटेपासून माणसांचा पूर लोटतो. त्याआधीचे नऊ दिवस नोव्हेना चालतात, तेव्हाही सकाळी गर्दी असते. तुमचा हलायचा दिवस ३ असेल तर जुने गोवे पूर्ण वगळा.

गुलबक्षी

बाप रे, आमचा हलायचा दिवस ३ डिसेंबरच आहे! बरं झालं सांगितलंत. मग फोंडा करून परत झुआरीकडे यायचं का?

सासष्टीकर

फोंड्याहून परत मागे येऊ नका. त्या दिवशी एक तर फोंडा वगळा आणि मडगावहून नव्या पुलावरून थेट पणजीला या. मिरामारला समुद्राकाठी जेवण, मग पुढे मांद्रे. किंवा पाटणेची एक रात्र कमी-जास्त करता येत असेल तर ४ तारखेला हला. सुट्टीचा दिवस गेलेला असेल, जुने गोवे मोकळं होईल, आणि सासऱ्यांना पाटणेला एक दिवस जास्त मिळेल. चार अधिक दोन.

एकच_खोली

चार अधिक दोनला माझाही पाठिंबा. वयस्कर माणसांना जिथे आवडणार आहे तिथे जास्त रात्री. मुलांना तलाव दोन दिवसही पुरतो. विमान संध्याकाळचं असेल तर शेवटचा दिवसही बराचसा हाताशी राहतो.

एक अजून. देवळं, जेवण आणि मग शंभर किलोमीटर असं केलंत तर दुपारची झोप कुठे? शक्य असेल तर पाटणेला दुपारपर्यंत खोली ठेवायला सांगा. बरीच ठिकाणं अर्धं भाडं घेऊन संध्याकाळपर्यंत खोली देतात, आणि आठवड्याच्या मधल्या वारी कधी एक-दोन तास तसेच देतात. मग देवळं सोडा, तिथेच जेवून, झोपून तीनला निघा, सहापर्यंत मांद्रे.

गुलबक्षी

संध्याकाळी साडेसातचं विमान आहे. पाटणेला आत्ताच फोन केला, चौथी रात्र रिकामी आहे आणि मांद्र्याची एक रात्र रद्द करण्याची मुदत अजून संपलेली नाही. म्हणजे ४ तारखेला हलणं जमेल.

सासऱ्यांना मंगेशीचं सांगितलं आणि ते हरखले. दीनानाथांचं गाव बघायचंय म्हणाले. तेव्हा झोप गाडीत झाली तरी चालेल असं त्यांचंच मत.

आता गाडी. मडगावला उतरल्यावर आणि ४ तारखेला, दोन्हीसाठी इनोव्हा सांगू ना? सहा जण बसतील.

पायवाट

थांबा! इनोव्हात सहा जण बसतील, पण सामान बसणार नाही. सात आसनांची गाडी, त्यात चालक एक, तुम्ही सहा. म्हणजे मागची तिसरी रांग उघडलेली राहणार, आणि ती उघडली की डिकीत दोन छोट्या बॅगांपुरती जागा उरते. तुमच्या मोठ्या बॅगाच तीन-चार असतील. शिवाय तिसऱ्या रांगेत जायला गुडघे वाकवून आत शिरावं लागतं, तिथे सासरे बसू शकणार नाहीत आणि मुलांना घाटात तिथे गाडी लागते.

टपावर कॅरिअर असलेली गाडी मिळते, डिसेंबरात पाऊसही नसतो. पण तुम्ही देवळात जाणार तेव्हा टपावर बांधलेल्या बॅगा वाहनतळावर उघड्या राहतील. सरळ पोचायचं असेल तर कॅरिअर ठीक, वाटेत थांबायचं असेल तर नको.

दोन चांगले मार्ग आहेत. एक, टेम्पो ट्रॅव्हलर. बारा आसनांची घेतलीत तर मागच्या रांगेवर सगळं सामान आतच राहतं, दार कुलूपबंद. पायरी उंच असते, सासऱ्यांसाठी चालकाला छोटं स्टूल ठेवायला सांगा, बरेचजण ठेवतात. दुसरा, दोन छोट्या गाड्या. तुमचा नवरा बॅगा घेऊन एका गाडीने थेट मांद्र्याला जातो, लगेज रूममध्ये ठेवून टोकन घेतो, खोलीच्या मागे लागतो, आणि तुम्ही पाचजण हातातली पिशवी घेऊन देवळं करत येता. पण मग देवळं नवऱ्याची राहतात.

मी ट्रॅव्हलर घेईन.

गाडी आधी ठरवा. ओला-उबर गोव्यात चालत नाहीत. गोवा माइल्स हे ॲप २०१८ पासून आहे, पण पाटणे ज्या काणकोण तालुक्यात आहे त्या टोकाला ऐनवेळी मोठी गाडी मिळेल असं धरून चालू नका. पाटणेच्या हॉटेलकडून एक दर घ्या, मडगावच्या एखाद्या ट्रॅव्हल्सवाल्याकडून दुसरा घ्या. दर ठरवताना थांबे सांगूनच ठरवा: मार्दोळ, मंगेशी, जेवण, जुने गोवे, मांद्रे. नुसतं "पाटणे ते मांद्रे" ठरवून वाटेत थांबे वाढवले की शेवटी वाद होतो. सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

दुबईहून

आम्ही दोघंच असतो आणि गोव्यात नेहमी दोन ठिकाणी राहतो, त्यामुळे आमचं सोपं असतं. एक केबिन बॅग आणि पाठीवरची सॅक, कदंब बसने काणकोण ते मडगाव, मडगाव ते पणजी नॉन-स्टॉप, पणजी ते म्हापसा आणि पुढे टॅक्सी. मडगाव-पणजीचं तिकीट खिडकीवर मिळतं, बस भरली की सुटते. मोठ्या बॅगा घेऊन मात्र हे करू नये, आत ठेवायला जागा नसते.

माझ्या बायकोकडे परदेशी पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) आहे. असं कुणी बरोबर असेल तर दोन्ही हॉटेलांत दोन्ही कागद लागतात, कारण प्रत्येक हॉटेलला विदेशी पाहुण्याची नोंद स्वतंत्र करावी लागते.

ऑर्लँडोच्या डिस्नी वर्ल्डमध्ये राहिलो होतो तेव्हा त्यांच्या एका रिसॉर्टमधून दुसऱ्यात बॅगा त्यांनीच नेऊन दिल्या होत्या, आम्ही दिवसभर उद्यानात. गोव्यात एकाच समूहाची दोन-तीन हॉटेलं आहेत, तिथे कुणी हे विचारून पाहिलंय का?

पाहुणचार

@दुबईहून, विचारलं तर कधी कधी करतात, पण सेवा म्हणून छापलेली नसते. ड्युटी मॅनेजरशी बोलावं लागतं, आणि त्यांची गाडी त्या दिवशी त्या बाजूला जाणार असेल तरच. सहा जणांच्या सामानाचा भरवसा मी त्यावर ठेवणार नाही.

आरोंदा

उत्तरेला जाणाऱ्यांसाठी दुसरी जोडी सुचवतो: तीन रात्री शिरोडा किंवा वेंगुर्ला, तीन रात्री हरमल-मांद्रे. किरणपाणी-आरोंदा पुलावरून गेलं की हलायचा रस्ता एवढासा आहे की सकाळी नाश्ता करून निघालात तर दुपारचं जेवण दुसरीकडे. गुलबक्षीताईंची तिकिटं झाली आहेत, त्यांना उपयोग नाही. पण पुढे कुणी हा धागा वाचेल आणि घरात फार वयस्कर माणसं असतील तर त्यांनी नक्की विचार करावा. क्रम मात्र आधी गोवा, मग सिंधुदुर्ग असा असेल तर गोव्यातली दारू गाडीत घेऊन हद्द ओलांडू नका. परवान्याशिवाय तो गुन्हा आहे आणि तपासणी होते.

गुलबक्षी

ट्रॅव्हलर ठरवली, थांब्यांसकट लिहून घेतलं, स्टूलचंही विचारलं, आहे म्हणाले. मडगाव स्टेशनवरून पहिल्या दिवशीही तीच येईल. बॅगा मुक्कामाप्रमाणे भरायला आजच यादी केली.

एकच शंका राहिली. मांद्र्याला खोली ११ ला सोडायची आणि विमान साडेसातला. त्या दिवशी परत तोच प्रश्न, सासऱ्यांना दुपारी कुठे आडवं करू?

पाहुणचार

त्या दिवसासाठी एकच खोली संध्याकाळी चारपर्यंत वाढवून घ्या, दुसरी ११ ला सोडा. मोठी रिसॉर्टं अर्ध्या भाड्यात देतात. चेक-इन करतानाच विचारा, शेवटच्या सकाळी विचारलंत तर पुढच्या पाहुण्याला ती दिलेली असते. सगळं सामान त्या एका खोलीत आणा, मुलं तलावात, मोठे आराम करतील, आणि मुलांना तिथेच आंघोळ घालता येईल. सव्वाचारला निघालात तरी मोपाला पाचपर्यंत पोचता.

नदीकाठ

आणि त्या दिवशी मुलांना दोन वाजता तलावातून बाहेर काढा म्हणजे पोहण्याचे कपडे चारपर्यंत गॅलरीत वाळतील. चेक-इनच्या बॅगेत ओलं काही जायला नको. काजू घेणार असाल तर ते म्हापशाला गाडी थांबवून ४ तारखेलाच घ्या, शेवटच्या दिवशी त्यासाठी वेगळं बाहेर पडावं लागेल.